लंडन : नाटकांच्या प्लॅनवर बेतलेले आठ दिवस

लंडनला नाटकं बघायला जाणारी आपली मंडळी आधी विमान ठरवतात, मग हॉटेल, आणि शेवटी एखाद्या म्युझिकलची दोन तिकिटं. हा क्रम उलटा करावा. आधी नाट्यगृहांचे प्लॅन उघडून बघावेत. वेस्ट एंडमध्ये, म्हणजे लंडनच्या मध्यावरच्या नाट्यगृहांच्या वस्तीत, रविवारी बहुतेक नाट्यगृहं बंद असतात. संध्याकाळचे प्रयोग साडेसातच्या सुमारास आणि दुपारचे अडीचला असतात. दुपारचा प्रयोग शनिवारी असतोच, शिवाय बुधवारी किंवा गुरुवारी एक. साठी उलटलेल्या प्रेक्षकासाठी दुपारचा प्रयोग सोन्यासारखा : गर्दी जरा कमी, आजूबाजूला आपल्याच वयाची माणसं आणि परत येताना उजेड. म्हणून मंगळवारी उतरायचं आणि पुढच्या मंगळवारी संपवायचं. महिना सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्य. नव्या नाटकांचा हंगाम तेव्हा सुरू झालेला असतो आणि लंडनबाहेरची लेखकांची घरं थंडीसाठी अजून बंद झालेली नसतात.

हे आठ दिवस एकाच कुळाच्या लेखकांमागे जातात : पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, आणि तेही ते प्रेम गुन्हा असतानाच्या काळातले. त्यामुळे त्यांची घरं शोधताना कोर्ट, तुरुंग आणि सेन्सॉरचं दफ्तरही वाटेत लागतं. निघण्यापूर्वी ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' आणि जो ऑर्टनचं 'लूट' ही दोन नाटकं, आणि ई. एम. फॉर्स्टरची 'मॉरिस' ही कादंबरी वाचून घ्यावी. तीनही पुस्तकं बारीक आहेत.

मंगळवार : ब्लूम्सबरी

मुक्काम ब्लूम्सबरीत करावा. इथून वेस्ट एंडची बरीच नाट्यगृहं पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहेत, त्यामुळे रात्री साडेदहाला प्रयोग सुटल्यावर ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, गर्दीत शिरावं लागत नाही. हीथ्रोहून पिकॅडिली लाइन न बदलता रसेल स्क्वेअरला आणते, साधारण एका तासात. स्टेशनला लिफ्ट आहे, पण लिफ्टपासून फलाटापर्यंत थोड्या पायऱ्या उरतातच. लिफ्ट बंद असेल तर गोल जिना पावणेदोनशे पायऱ्यांचा. दोन मोठ्या बॅगा असतील तर एलिझाबेथ लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोड गाठावं. तिथे फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट आहे, पुढे टॅक्सी घ्यावी. या भागातली स्वस्त हॉटेलं जुन्या जॉर्जियन घरांमध्ये आहेत, अनेकांना लिफ्ट नाही, आणि सर्वांत स्वस्त खोली हटकून चौथ्या मजल्यावर असते. बुकिंग करतानाच विचारावं.

प्रवासासाठी वेगळा पास लागत नाही, कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. मात्र भारतीय कार्डावर परदेशी वापर आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही परवानग्या बँकेच्या अ‍ॅपमधून घरीच सुरू करून ठेवाव्यात. आत जाताना एक कार्ड आणि बाहेर पडताना दुसरं टेकवलं तर दोन्ही प्रवास अर्धवट धरले जातात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं लागतं. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं. लंडनकर ज्येष्ठांना मिळणारा मोफत पास आपल्याला मिळत नाही.

पहिल्या संध्याकाळी नाटकाचं तिकीट काढू नये. या दिवसांत भारत साडेचार तास पुढे असतो, म्हणजे साडेसातची घंटा वाजते तेव्हा आपल्या शरीरात मध्यरात्र झालेली असते. शंभर पौंडांच्या खुर्चीवर झोपण्यापेक्षा मार्चमाँट स्ट्रीटवर चालत जावं. ६६ नंबरला 'गेज द वर्ड' आहे, १९७९ साली सुरू झालेलं समलिंगी साहित्याचं दुकान. १० एप्रिल १९८४ रोजी कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी इथे धाड घालून हजारो पौंडांची आयात पुस्तकं उचलली. टेनेसी विल्यम्स, गोर व्हिडाल, जाँ जने असे लेखक त्यात होते. कस्टम्सनेच का? तर इंग्लंडात छापलेल्या पुस्तकाला १९५९ च्या अश्लीलताविरोधी कायद्यात साहित्यिक मूल्याचा बचाव घेता येत होता. आयात पुस्तकाला लागू होणारा कायदा १८७६ चा, त्यात तो बचावच नव्हता. अमेरिकेतून आलेली कादंबरी त्यामुळे सहज सापळ्यात अडकायची. चालक आणि कर्मचाऱ्यांवरचे खटले १९८६ साली मागे घेतले गेले. (आपल्याकडचा नाट्यप्रयोगांवर बंदी घालणारा कायदाही १८७६ चाच. १९१० साली 'कीचकवध' त्याच कायद्याने बंद पाडलं.) पुस्तकं आज बघून ठेवायची, घ्यायची रविवारी. नाहीतर आठवडाभर त्यांचं ओझं मनावर राहतं आणि पुढच्या दुकानांत हात आखडतो.

दुकानातून दहा-बारा मिनिटांवर गॉर्डन स्क्वेअर. ४६ नंबरच्या घरात आधी कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ आणि तिची भावंडं राहत होती, नंतर अर्थशास्त्रज्ञ केन्स. ५१ ला लेखक लिटन स्ट्रेची. घरांत आता विद्यापीठाची कार्यालयं आहेत, पाट्या बाहेरून वाचायच्या आणि बागेतल्या बाकावर बसायचं. याच वर्तुळात ऊठबस असणाऱ्या ई. एम. फॉर्स्टरचा मराठी माणसाशी जो संबंध आहे त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. १९२१ साली तो देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा खासगी चिटणीस होता. त्या मराठा दरबारातल्या गोकुळाष्टमीचं वर्णन 'द हिल ऑफ देवी' या १९५३ च्या पुस्तकात आहे, आणि ते मराठी वाचकाने वाचायलाच हवं. मात्र त्या पुस्तकात एक जागा कोरी आहे. दरबारातल्या एका न्हाव्याशी आलेल्या आपल्या संबंधाबद्दल फॉर्स्टरने वेगळं टिपण लिहून ठेवलं होतं, ते त्याच्या मृत्यूनंतर १९८३ साली छापलं गेलं. 'मॉरिस'चंही तेच. लिहिली १९१३-१४ मध्ये, छापली गेली १९७१ मध्ये. हे प्रेम गुन्हा ठरवणारा कायदा १९६७ ला बदलला तेव्हा लेखक ८८ वर्षांचा होता, हयात होता, तरी त्याने ती बाहेर काढली नाही.

बुधवार : वेस्ट एंड

खुर्ची निवडणं हे या शहरातलं खरं कसब आहे. नाट्यगृहाचे मजले असे : स्टॉल्स, ड्रेस सर्कल (कुठे रॉयल सर्कल), अपर सर्कल, आणि सर्वांत वर बाल्कनी किंवा गॅलरी. व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन नाट्यगृहांत स्टॉल्स बहुतेक वेळा रस्त्याच्या पातळीखाली असतात आणि ड्रेस सर्कल रस्त्याच्या जवळपास. म्हणजे 'खालच्या' खुर्चीसाठी जिना उतरावा लागतो, आणि मध्यंतरात स्वच्छतागृहासाठी कधी पुन्हा चढावा लागतो. गुडघे कुरकुरत असतील तर ड्रेस सर्कलची मधली रांग घ्यावी. पुढच्या रांगेत कठड्याची दांडी नजरेच्या मध्ये येऊ शकते. पण फार मागेही जाऊ नये, कारण वरच्या मजल्याचा सज्जा डोक्यावर येतो आणि रंगमंचाचा वरचा भाग कापला जातो. अपर सर्कलची उतरण इतकी तीव्र असते की धरायला काही नसेल तर खाली बघून पाय लटपटतात. तिकडे लिफ्ट जवळजवळ नसतेच. प्लॅनवर 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलेली खुर्ची खांबाआड असते. काही खुर्च्यांतून फक्त एक कोपरा झाकला जातो आणि त्या निम्म्या दरात मिळतात, पण कोणता कोपरा झाकला जातो हे तिकीटखिडकीवर विचारून मगच घ्यावी. चालायला किंवा ऐकायला अडचण असेल तर नाट्यगृहाच्या ॲक्सेस विभागाला आधी फोन करावा. सवलतीचा दर, पायऱ्या नसलेली वाट आणि श्रवणयंत्र या तिन्ही गोष्टी तिथे मिळतात, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

स्वस्त तिकिटांसाठी लेस्टर स्क्वेअरमधली टीकेटीएसची खिडकी आहे. सकाळी उघडताना जावं. मोठ्या गाजणाऱ्या नाटकांना तिथे सवलत क्वचितच लागते, गद्य नाटकांना बऱ्यापैकी. त्याच चौकाच्या आसपास 'हाफ प्राइस' अशा पाट्या लावलेली खासगी दुकानं आहेत, त्यांच्याकडे घेऊ नये. दर्शनी किंमत आणि वरचा आकार यांत घोळ होतो.

अकराच्या सुमारास सेसिल कोर्टला पोचावं. चेअरिंग क्रॉस रोड आणि सेंट मार्टिन्स लेन यांना जोडणारा हा छोटा बोळ म्हणजे जुन्या पुस्तकांची ओळच. पहिल्या आवृत्त्यांच्या किमती बघूनच समाधान मानावं. खिशाला परवडणारी चाळण चेअरिंग क्रॉस रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, तळघरात. सेंट मार्टिन्स लेनला लागलं की जवळच नोएल कॉवर्ड थिएटर. १९०३ चं हे नाट्यगृह २००६ मध्ये नाटककार कॉवर्डच्या नावाचं झालं. शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यूवर गिलगुड आणि सॉन्डहाइम ही नाट्यगृहं शेजारी शेजारी आहेत, तर ऑल्डविचला नॉव्हेलो. नट आणि संगीतकार आयव्हर नॉव्हेलो त्या नाट्यगृहाच्या वरच्याच घरात १९५१ मध्ये मरेपर्यंत राहिला. चारही नावं आपल्या कुळातली, पण ती दारावर आली ती अलीकडे : गिलगुडचं १९९४ ला, नॉव्हेलोचं २००५ ला, सॉन्डहाइमचं २०१९ ला. नट जॉन गिलगुडला ऑक्टोबर १९५३ मध्ये चेल्सीतल्या सार्वजनिक मुतारीत पोलिसांनी पकडलं होतं. दंड १० पौंड, आणि संध्याकाळच्या पेपरात बातमी. तो तेव्हा एका नव्या नाटकाच्या दौऱ्यावर निघायच्या बेतात होता. लिव्हरपूलला त्याची एंट्री झाली तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांनी स्वागत केलं.

कॉव्हेंट गार्डनमधलं सेंट पॉल्स हे नटांचं चर्च. चौकाकडून दिसणारा भव्य दरवाजा खोटा आहे, आत जायची वाट मागे बेडफर्ड स्ट्रीटकडून. भिंतींवर कॉवर्ड आणि नॉव्हेलो यांच्या स्मृतिफलकांसह शेकडो नटांची नावं आहेत. प्रवेश मोफत. तिथून दोन मिनिटांवर, रॉयल ऑपेरा हाउससमोर, बो स्ट्रीटचं जुनं मॅजिस्ट्रेट कोर्ट. इमारतीत आता हॉटेल आहे आणि एका भागात छोटं पोलीस संग्रहालय. १८९५ मध्ये पुरुषांशी संबंधांच्या गुन्ह्यासाठी अटक झालेल्या वाइल्डला आधी इथेच उभं केलं. १९२८ मध्ये रॅडक्लिफ हॉलच्या 'द वेल ऑफ लोनलीनेस' या दोन स्त्रियांच्या प्रेमाच्या कादंबरीच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम इथलाच. साक्ष द्यायला आलेल्यांत फॉर्स्टर आणि वुल्फ होते, मॅजिस्ट्रेटने त्यांचं ऐकलंच नाही.

दुपारचा प्रयोग पाचच्या सुमारास सुटतो. मग हेमार्केटपासून दहा मिनिटांचं एक चालणं करावं. थिएटर रॉयल हेमार्केटच्या खांबांखाली उभं राहायचं. ५ जानेवारी १८९५ च्या संध्याकाळी इथे वाइल्डचं 'अ‍ॅन आयडियल हज्बंड' चालू होतं, आणि प्रेक्षकांत कादंबरीकार हेन्री जेम्स बसला होता. त्याच्या स्वतःच्या 'गाय डॉमव्हिल'चा पहिला प्रयोग त्याच वेळी सेंट जेम्स थिएटरात सुरू होता, पण धास्तीने त्याला तो बघवत नव्हता. वाइल्डचं नाटक संपल्यावर तो सेंट जेम्स स्क्वेअर ओलांडून किंग स्ट्रीटला गेला, रंगमंचावर बोलावला गेला, आणि माडीवरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ते नाटक ३१ प्रयोगांत उतरलं. त्याच रंगमंचावर १४ फेब्रुवारीला आलं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'. नाट्यगृह १९५७ मध्ये पाडलं. जागेवर कार्यालयाची इमारत आहे, बाजूच्या एंजल कोर्ट गल्लीत शिल्पपट्टीवर वाइल्डचा चेहरा शोधावा लागतो. परतताना चेअरिंग क्रॉस स्टेशनसमोरच्या अ‍ॅडलेड स्ट्रीटवर वाइल्डचं १९९८ चं शिल्प आहे : ग्रॅनाइटची शवपेटीसारखी बैठक आणि तिच्या टोकाला त्याचं ब्राँझचं डोकं. त्याच्या हातातली सिगारेट लोकांनी पुन्हा पुन्हा चोरली. बैठक बसण्यासाठीच आहे, खुशाल बसावं.

गुरुवार : सेन्सॉर आणि लायब्ररी

सकाळी ब्रिटिश लायब्ररी. ठेवणीतल्या हस्तलिखितांचं दालन मोफत आहे, पण तिथे काय मांडलंय ते बदलत राहतं. वाइल्डने तुरुंगात लिहिलेल्या 'दे प्रोफुंदिस' या दीर्घ पत्राचं मूळ हस्तलिखित या लायब्ररीत आहे : तुरुंगाच्या निळ्या कागदाचे २० ताव, ८० पानं. त्याचा मित्र रॉबर्ट रॉस याने ते १९०९ मध्ये ५० वर्षं कुणी उघडू नये अशा अटीवर दिलं होतं. वाइल्डचं वाचक-कार्ड शिक्षा झाल्यावर १८९५ मध्ये रद्द करण्यात आलं होतं. २०२५ च्या ऑक्टोबरात लायब्ररीने ते त्याच्या नातवाच्या हाती नव्याने दिलं.

नाटकवाल्यांसाठी खरा खजिना म्हणजे लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीचं दफ्तर. १७३७ पासून १९६८ पर्यंत प्रत्येक नव्या नाटकाची संहिता या दरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी लागे. रंगमंचावर समलिंगी विषयाचा उल्लेख १९५८ पर्यंत सरळ वर्ज्य होता. म्हणूनच नाटककार टेरेन्स रॅटिगनने 'सेपरेट टेबल्स'मध्ये १९५४ साली मेजरचा गुन्हा 'सिनेमागृहात बायकांना त्रास देणं' असा ठेवला. त्याने पुरुषांशी संबंधित गुन्ह्याची दुसरी आवृत्तीही लिहिली होती, ती तेव्हा खेळली गेली नाही. हे कागद बघायचे तर वाचक-पास लागतो, त्यासाठी पासपोर्ट आणि घरच्या पत्त्याचा पुरावा. नोंदणी आणि मागणी भारतातूनच करून ठेवावी, आयत्या वेळी गेलं तर कागद त्याच दिवशी हातात येत नाहीत. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या खेपा घातलेल्या कुणालाही त्या शेऱ्यांची भाषा लगेच ओळखीची वाटेल. 'लूट'मधलं प्रेत म्हणजे उघडउघड बाहुलंच दिसलं पाहिजे, अशी अट तिथली.

लायब्ररीबाहेरून ३० किंवा ७३ नंबरची बस इस्लिंग्टन भागातल्या एंजलला नेते. ट्यूबनेच गेलात तर तिथला सरकता जिना भूमिगत जाळ्यातला सर्वांत लांब आहे, ६० मीटरच्या आसपास. उंचीची भीती असेल तर बसच बरी. सेंट जॉन स्ट्रीटवरच्या फिन्सबरी लायब्ररीच्या तळघरात इस्लिंग्टन म्युझियम आहे. रोज उघडं नसतं, वार बघून जावं. जो ऑर्टन आणि त्याचा जोडीदार केनेथ हॅलिवेल यांनी १९५९ ते १९६२ या काळात इस्लिंग्टनच्या वाचनालयातून पुस्तकं पळवून त्यांची वेष्टणं बदलली आणि गुपचूप परत ठेवली. ती वेष्टणं आज याच नगरपालिकेचा मानाचा ठेवा आहेत.

जवळून बघावीत अशी ही कामं आहेत. गुलाबांच्या लागवडीवरच्या गंभीर पुस्तकावर पिवळ्या गुलाबाच्या ऐन मध्यात माकडाचं तोंड चिकटवलंय, आणि पाकळ्यांची कड इतकी नेटकी कापलीय की दोन फुटांवरून छपाईच वाटते. बेट्जमन या कवीवरच्या समीक्षाग्रंथावर चड्डी घातलेला, अंगभर गोंदलेला म्हातारा. रहस्यकथांच्या आतल्या पट्टीवर टाइप करून चिकटवलेला चावट सारांश, वाक्यरचना मात्र हुबेहूब प्रकाशकाची. चित्रं कलापुस्तकांतून कापलेली. पकडले गेले ते टाइपरायटरमुळे : नगरपालिकेच्या कायदा विभागातल्या कारकुनाने बेवारस मोटारीबद्दल खोटं पत्र पाठवलं, उत्तर टाइप होऊन आलं, आणि अक्षरांची झीज जुळली. ७२ पुस्तकं चोरल्याचा आणि दीड हजारांहून अधिक चित्रं फाडल्याचा आरोप, सहा महिने कैद. शिक्षा जरा जास्तच होती, आणि त्याचं कारण पुस्तकांपेक्षा एका खोलीत राहणारे दोन पुरुष हे होतं असं ऑर्टनचं मत. ते पटण्यासारखं आहे.

पंधरा मिनिटं चालून नोएल रोड. ऑर्टन आणि हॅलिवेल राहत होते त्या २५ नंबरवर पाटी आहे, घर खासगी. १९६७ चा कायदा, ज्याने इंग्लंड-वेल्समध्ये २१ वर्षांवरच्या पुरुषांचा खासगीतला संबंध गुन्ह्यातून वगळला, त्याला २७ जुलैला मंजुरी मिळाली. ९ ऑगस्टला हॅलिवेलने याच घरात हातोड्याने ऑर्टनचा खून केला आणि स्वतःही गोळ्या घेऊन मेला. लॉर्ड चेंबरलेनचा अधिकार संपला तो पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर १९६८ ला. ऑर्टनचं शेवटचं नाटक त्यानंतर, १९६९ मध्ये रंगमंचावर आलं. मराठीत ऑर्टन करायची कुणाला हौस असेल तर : भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात, म्हणजे २०२७ च्या अखेरीपर्यंत परवानगी काढावी लागेल. संध्याकाळी अल्मेडा थिएटर, तिथून दहा-बारा मिनिटांवर. सव्वातीनशे खुर्च्यांचं घर, कुठेही बसा, नटाचा श्वास ऐकू येतो.

शुक्रवार : चेल्सी

स्लोन स्क्वेअर स्टेशनच्या फलाटावर मान वर करून बघा. रुळांवरून आडवा गेलेला जाडजूड लोखंडी नळ म्हणजे वेस्टबर्न नदी आहे. बाहेर पडताच रॉयल कोर्ट थिएटर. १९६५ मध्ये लॉर्ड चेंबरलेनने जॉन ऑस्बर्नच्या 'अ पेट्रिअट फॉर मी'तले पुरुषांच्या नृत्यसमारंभासारखे प्रसंग नाकारले, तेव्हा थिएटरने स्वतःला खासगी क्लब जाहीर करून, प्रेक्षकांना सभासद करून प्रयोग केले. नाझी छावणीतल्या समलिंगी कैद्यांवरचं 'बेंट' १९७९ मध्ये इथेच झालं, इयन मॅकेलनसह. इथे नव्या नाटकाची छापील संहिताच कार्यक्रमपत्रिका म्हणून चार-पाच पौंडांत विकतात. अर्धा तास आधी जाऊन ती घ्यावी आणि पहिली दहा पानं वाचून काढावीत. पात्रांची नावं आणि बोलीचा लहेजा एकदा डोळ्यांखालून गेला की कानाला पुढे त्रास होत नाही.

सकाळी मात्र स्लोन स्ट्रीटवरून कॅडोगन हॉटेलकडे जावं. ५ एप्रिल १८९५ ला वाइल्डला ११८ नंबरच्या खोलीत अटक झाली. चहा महाग आहे, बाहेरून बघितलं तरी चालतं. मग १७० नंबरच्या बसने रॉयल हॉस्पिटल रोड, आणि टाइट स्ट्रीट. वाइल्डच्या वेळचा १६ नंबर म्हणजे आजचा ३४. निळी पाटी १९५४ ची, त्याच्या जन्मशताब्दीची. कुणाचं तरी राहतं घर आहे, पायऱ्या चढू नयेत. २४ एप्रिल १८९५ ला, म्हणजे खटला उभा राहायच्याही आधी, देणी फेडण्यासाठी या घरातल्या सामानाचा जागेवरच लिलाव झाला. त्यात त्याची पुस्तकं आणि हस्तलिखितंही गेली, काही कायमची. नाटकं तेव्हाही चालूच होती, जाहिरातींवरून लेखकाचं नाव काढून.

शनिवार : थेम्सचा दक्षिण काठ

वॉटर्लू पुलाखाली जुन्या पुस्तकांची टेबलं लागतात. वर पूल असल्याने पाऊस लागत नाही, पण नदीवरचा वारा बोटं गोठवतो. इथे नाटकांच्या संहिता शोधाव्यात, आणि सॅम्युअल फ्रेंच या प्रकाशन कंपनीची 'अ‍ॅक्टिंग एडिशन' दिसली की सोडू नये. बारीक, साध्या कव्हरची ही प्रत दिसायला गरीब, पण मागे प्रॉपर्टीची यादी, नेपथ्याचा आराखडा, प्रकाशयोजनेचा तक्ता, ध्वनीच्या खुणा असं सगळं असतं. साहित्यिक आवृत्तीत हे नसतं. एक धोका : १९६८ पूर्वीच्या प्रतीत सेन्सॉरने गाळलेल्या ओळी नसण्याची शक्यता असते. अभ्यासासाठी नंतरची समग्र आवृत्ती, तालमीसाठी ही.

शेजारीच नॅशनल थिएटर. १९७६ ची डेनिस लॅस्डनची काँक्रीटची इमारत, आत तीन नाट्यगृहं : ऑलिव्हिए, लिटलटन आणि डॉर्फमन. फॉयर तिकिटाशिवाय खुलं. बसायला जागा, स्वच्छतागृह आणि नाटकांच्या पुस्तकांचं दुकान एकाच ठिकाणी, म्हणजे आपल्या वयाच्या माणसाला दुपार काढायला याहून चांगली जागा लंडनमध्ये नाही. लिफ्ट सगळीकडे. इंग्रजी उच्चार जड जात असतील तर कॅप्शनचे चष्मे मागावेत, संवाद काचेवर उमटतात. मोफत असतात, पण आधी सांगून ठेवावे लागतात. 'एंजल्स इन अमेरिका' १९९२ मध्ये इथे आलं आणि २०१७ मध्ये पुन्हा. दोन भाग मिळून साडेसात तासांचं ते नाटक. असं दोनभागी नाटक कुठेही लागलं तर एकाच दिवशी बघायचा मोह टाळावा. तरुण समीक्षक काहीही सांगोत, सहाव्या तासाला पाठ बघते, डोळे नाही.

रविवार

नाटक नाही. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतही रविवारी फक्त प्रार्थना असते, तेव्हा तिथली १९९५ ची वाइल्डची खिडकी बघायची तर दुसरा वार धरावा. कपडे धुवावेत. दुपारी मार्चमाँट स्ट्रीटवर राहिलेली खरेदी. बॅग तेवीस किलोंची असते आणि जाड कादंबरी अर्ध्या किलोच्या पुढे जाते, एवढं ध्यानात ठेवावं.

सोमवार : रेडिंग

साठ वर्षांवरच्या कुणालाही ब्रिटनमध्ये सीनियर रेलकार्ड काढता येतं, परदेशी पासपोर्टवरही. वर्षाला ३५ पौंड, तिकिटावर एक तृतीयांश सूट. आजचा आणि उद्याचा प्रवास मिळून बरेचसे पैसे वसूल होतात, दोन-तीन सहली केल्या तर नक्कीच. लंडनच्या परिसरात मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळच्या गर्दीच्या वेळी ते चालत नाही, म्हणून साडेनऊनंतरची गाडी.

पॅडिंग्टनहून जलद गाडीने रेडिंग पंचवीस मिनिटं. तुरुंग स्टेशनपासून दहा मिनिटांवर, २०१३ पासून बंद, आत सोडत नाहीत. वाइल्ड इथे २० नोव्हेंबर १८९५ ला आला. वाटेत क्लॅपहॅम जंक्शनच्या फलाटावर त्याला बेड्यांसह अर्धा तास उभं केलं होतं, लोक जमून हसत होते. त्या फलाटाची आठवण सांगणारी पाटी स्टेशनात आहे. त्याची कोठडी सी.३.३, म्हणजे सी विभाग, तिसरा मजला, तिसरी खोली. 'द बॅलड ऑफ रेडिंग जेल' हे त्याचं काव्य १८९८ मध्ये छापलं तेव्हा लेखकाच्या नावाच्या जागी तेवढंच होतं. केनेट नदीकाठच्या पायवाटेवरून विटांची भिंत दिसते. फॉर्बरी रोडच्या बाजूला २०२१ मध्ये भित्तिचित्रकार बँक्सीने कागदाच्या दोरावरून उतरणारा कैदी रंगवला, दोराच्या टोकाला टाइपराइटर. दीड तासात सगळं होतं. दुपारपर्यंत परत.

मंगळवार : राय

सेंट पँक्रसहून जलद गाडीने अ‍ॅशफर्ड अडतीस मिनिटं, तिथे बदलून दोन-चार डब्यांची डिझेल गाडी, रायला वीस-पंचवीस मिनिटं. ही दुसरी गाडी तासाला एकच. जलद गाडीला तिकिटावर थोडा जादा आकार आहे.

राय टेकडीवर आहे आणि रस्ते गोल दगडांचे. मर्मेड स्ट्रीटचे फोटो सगळे काढतात, पण ओल्या दगडांवरून तो उतरू नये, चढावा, आणि उतरायला हाय स्ट्रीट धरावा. वेस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर लॅम्ब हाउस, नॅशनल ट्रस्टचं. काही ठराविक वारीच उघडतं आणि हिवाळ्यात बंद, म्हणून हा दिवस सर्वांत आधी पक्का करून मग बाकीचा आठवडा त्याभोवती लावावा. १८९५ च्या त्या हुर्योनंतर रंगभूमीचा नाद सोडून हेन्री जेम्स १८९८ मध्ये इथे राहायला आला. शेवटच्या तीन मोठ्या कादंबऱ्या इथल्या, टंकलेखिकेला येरझारा घालत सांगितलेल्या : उन्हाळ्यात बागेतल्या खोलीत, हिवाळ्यात माडीवरच्या हिरव्या खोलीत. बागेतली खोली १९४० मध्ये बाँबने उद्ध्वस्त झाली, आता भिंतीवर पाटी आहे. वाक्यं इतकी लांब का, याचं उत्तर त्या येरझारांत आहे असं अभ्यासक म्हणतात. माडीवरच्या खोलीची लांबी चालून बघितली की ते खरं वाटतं. जेम्सला आजच्या अर्थाने समलिंगी म्हणावं का, यावर वाद आहे. हेंड्रिक अँडरसन या तरुण शिल्पकाराला त्याने लिहिलेली पत्रं वाचून ज्याने त्याने ठरवावं. त्याच्यानंतर घरात कादंबरीकार ई. एफ. बेन्सन राहिला, रायचा महापौरही झाला. 'मॅप अँड लुसिया'मधलं टिलिंग म्हणजे राय आणि मॅलर्ड्स म्हणजे हेच घर. जेम्स पेलत नसेल त्याने बेन्सन घ्यावा, गावातल्या दुकानांत मिळतो.

परतीची गाडी चारच्या आसपासची धरावी. तीच चुकली तर पुढची तासाने, आणि मग लंडनचा साडेसातचा प्रयोग कसाबसा गाठला जातो. पडदा वर गेल्यावर उशिरा आलेल्यांना बऱ्याच ठिकाणी मध्यंतरापर्यंत बाहेरच उभं करतात.